एकच कोडबेस, अनेक डेटाबेस: वेब ॲप्लिकेशन पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलवर चालवताना

पुण्यात स्वतःचं प्रॉडक्ट विकणाऱ्या लहान सॉफ्टवेअर कंपनीपुढे हा प्रश्न फार लवकर येतो. समजा, पतसंस्थांसाठी वसुली आणि पावत्यांचं वेब ॲप्लिकेशन आहे. सदाशिव पेठेतल्या संस्थेला ते स्वस्तातल्या होस्टिंगवर हवंय, म्हणजे मायएसक्यूएल. भोसरीतल्या कारखान्याच्या कामगार पतपेढीकडे ईआरपीमुळे एसक्यूएल सर्व्हर आधीच बसवलेला आहे आणि तिथला आयटी विभाग मशीनवर दुसरं काही चढवू देत नाही. एखादी मोठी सहकारी बँक म्हणते, आमचा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) ओरॅकलचा, बॅकअप ओरॅकलचे, तुमचं ॲपही ओरॅकलवरच चालवा. तुमची टीम मात्र रोज पोस्टग्रेसवर लिहिते.

'आपण ओआरएम वापरतो, कनेक्शन स्ट्रिंग बदलली की झालं' असं विक्रीच्या मीटिंगमध्ये सहज बोललं जातं. कोडमधून एसक्यूएल आपोआप बनवणारी हायबरनेट, जँगो, एसक्यूएलअल्केमी ही साधनं (ओआरएम) चांगलीच आहेत. जँगो तर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी, ओरॅकल आणि एसक्यूलाइट या पाचांना अधिकृतपणे सांभाळतं. पण ओआरएम वाक्यरचनेचा फरक झाकतं, वागण्यातला नाही. वाक्यरचना चुकली तर पहिल्याच दिवशी एरर येते आणि दुरुस्त होते. वागणं वेगळं असलं तर एरर येत नाही, आकडे चुकतात. या लेखाचा बराचसा भाग म्हणूनच त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

आधी यादी ठरवा, आवृत्त्यांसकट

'ओरॅकल चालतं' असं कागदावर लिहू नका, 'ओरॅकल १९सी आणि पुढे' असं लिहा. फरक मोठा आहे. ओरॅकल १२.१ पर्यंत टेबल-कॉलमच्या नावाला ३० बाइटची मर्यादा होती, १२.२ पासून ती १२८ झाली. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी चेक कन्स्ट्रेंट (कॉलममधल्या किमतीवरची अट) लिहिता यायचा, पण सर्व्हर तो मुकाट्याने सोडून द्यायचा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पानं पाडण्याचं ऑफसेट-फेच २०१२ पासून आहे. किमान आवृत्ती वर सरकवली की कोडमधल्या निम्म्या कसरती आपोआप गळतात, म्हणून इथे ग्राहकाशी थोडी घासाघीस केलेली परवडते.

मारियाडीबी ही वेगळी सिस्टीम म्हणून मोजा. मायएसक्यूएलपासून ती बरीच दूर गेली आहे. उदाहरणार्थ, इन्सर्टनंतर नवी नोंद लगेच परत देणारं रिटर्निंग मारियाडीबीत १०.५ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये नाही. एसक्यूलाइट डेमोसाठी किंवा एकाच संगणकावरच्या वापरासाठी ठीक. तिथे व्हारचारची लांबी पाळली जात नाही, फॉरेन की प्रत्येक कनेक्शनवर मुद्दाम चालू करावी लागते, खरा डेसिमल प्रकार नाही आणि एका वेळी एकच जण लिहू शकतो. पैशांच्या ॲपला ती ग्राहकाकडे देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यादीत किती नावं असावीत, यावर एकच कसोटी पुरते: जी सिस्टीम रोज रात्री तुमच्या टेस्टमध्ये चालत नाही, ती तुम्ही सपोर्ट करत नाही.

फरक एका जागी कोंडा

कोडमध्ये 'डेटाबेस ओरॅकल असेल तर' अशी अट कुठेही दिसली की पाच वर्षांनी तिथे हात लावायला कुणी धजत नाही. प्रत्येक सिस्टीमसाठी एक डायलेक्ट फाइल करा आणि अशी अट फक्त तिच्यातच राहू द्या. या फाइलने द्यायची कामं मोजकीच असतात: पानं पाडणं, अपसर्ट (नोंद असेल तर बदल, नसेल तर भर), इन्सर्टनंतर नवा आयडी मिळवणं, रो लॉक करणं, एररचं वर्गीकरण, नलचा (किंमतच नसलेल्या नोंदींचा) क्रम आणि मोठ्या यादीचे तुकडे. बिझनेस कोड या कामांना नावाने बोलावतो, खाली कोण बसलंय ते त्याला माहीत नसतं. कनेक्शन उघडताच चालवायच्या सेटिंग्जही इथेच ठेवा.

हाताने लिहिलेलं एसक्यूएल रिपोर्टमध्ये लागतंच, ते पूर्ण टाळायचा हट्ट धरू नका. रिपोर्टच्या क्वेऱ्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. सर्वांना चालणारी एक प्रत, आणि गरज पडली तरच त्या सिस्टीमच्या नावाची दुसरी प्रत. दुसऱ्या प्रती किती झाल्या, हे दर रिलीजला मोजा. त्या वाढत असतील तर कुणीतरी हिशोब कोडमध्ये करायचा सोडून क्वेरीत करतंय.

नावं आणि प्रकार

नावं इंग्रजी लहान लिपीत, अंडरस्कोअरने जोडलेली, ३० अक्षरांच्या आत आणि कधीही अवतरणचिन्हात न घालता लिहा. अवतरणाशिवायचं नाव पोस्टग्रेस लहान लिपीत नेतं, ओरॅकल मोठ्या लिपीत. लिनक्सवरच्या मायएसक्यूएलला टेबलच्या नावातली लहान-मोठी लिपी वेगळी वाटते, विंडोजवरच्याला नाही. पोस्टग्रेस ६३ बाइटच्या पुढचं नाव फक्त नोटीस देऊन कापतं, त्यामुळे फ्रेमवर्कने बनवलेली लांबलचक इंडेक्सची नावं कापल्यावर एकसारखी होऊन आदळतात. इंडेक्सना स्वतः नावं द्या. ऑर्डर, यूजर, लेव्हल, कॉमेंट, नंबर, डेट ही नावं टाळा. यांतलं प्रत्येक कुठे ना कुठे राखीव आहे.

पैशांसाठी डेसिमल, १५ अंक आणि २ दशांश. फ्लोट कुठेही नको. आयडीसाठी बिगइंट. यूयूआयडीचा (एकमेव ठरणाऱ्या लांब आयडीचा) मोह असेल तर एवढं लक्षात असू द्या की एसक्यूएल सर्व्हर त्याच्या स्वतःच्या यूयूआयडी प्रकाराचा क्रम लावताना शेवटचे ६ बाइट आधी बघतो, म्हणून त्यावर लावलेला क्रम इतरांशी जुळणार नाही. हो-नाहीसाठी स्मॉलइंट, ० किंवा १. पोस्टग्रेसच्या बूलियनची तुलना १ शी केली की ते सरळ एरर देतं आणि ओरॅकलच्या टेबलात बूलियन २३एआयपर्यंत नव्हताच. जेसन साधा मजकूर म्हणून साठवा. त्याच्या पोटात शिरून शोधायची वेळ आली, तर ती माहिती वेगळ्या कॉलमची हकदार आहे असं समजा.

वैकल्पिक पॅन क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट लावलात तर एसक्यूएल सर्व्हरवर दुसरा बिनपॅनचा सभासद भरता येणार नाही, कारण तिथे युनिक कॉलममध्ये एकच नल बसतो. बाकी सगळ्या सिस्टीम कितीही नल घेतात. उपाय म्हणजे फक्त नल नसलेल्या नोंदींवर फिल्टर्ड युनिक इंडेक्स, तोही डायलेक्ट फाइलमधून. कॅस्केड डिलीट (मुख्य नोंद पुसली की जोडलेल्या नोंदीही पुसणं) डेटाबेसला सांगू नका. दोन वाटांनी एकाच टेबलवर येणारा कॅस्केड एसक्यूएल सर्व्हर टेबल बनवतानाच नाकारतो.

देवनागरी मजकूर: सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

इंग्रजी नावांवर केलेली टेस्ट इथे काहीच सांगत नाही. 'ज्ञानेश्वर' हे नाव बघा. डोळ्याला चार अक्षरं. युनिकोडमध्ये ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, म्हणजे १० चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ३० बाइट. आता ओरॅकलवर व्हारचार२ ची लांबी नुसती '२०' अशी लिहिली असेल तर मूळ सेटिंगनुसार ती २० बाइट असते आणि ज्ञानेश्वर त्यात मावत नाही. हेच नाव पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये आरामात बसतं, कारण तिथे लांबी चिन्हांत मोजतात. ओरॅकलवर लांबीसोबत 'चार' हा शब्द प्रत्येक वेळी लिहा. तरीही कॉलमची एकूण कमाल मर्यादा नेहमीच्या सेटिंगमध्ये ४००० बाइटच राहते, म्हणजे सुमारे १३०० देवनागरी चिन्हं. ठरावाचा मसुदा, शेरा असल्या मजकुराला तिथे क्लॉब हा मोठ्या मजकुराचा प्रकार लागतो. फॉर्मवरची लांबीची तपासणीही चिन्हांवर करा आणि सर्वांत कडक सिस्टीमचा आकडा धरा.

मायएसक्यूएलमध्ये जुना 'यूटीएफ८' म्हणजे ३ बाइटचाच. मराठी त्यात पूर्ण मावते, म्हणून टेस्ट पास होते. मग एखादा सभासद तक्रारीच्या रकान्यात हात जोडल्याची इमोजी टाकतो आणि १३६६ क्रमांकाची एरर येते, कारण इमोजीला ४ बाइट लागतात. यूटीएफ८एमबी४ डेटाबेस, टेबल, कॉलम आणि कनेक्शन अशा चारही ठिकाणी हवं. मायएसक्यूएल ८.० पासून मूळ सेटिंग तेच आहे, पण जुन्या सर्व्हरवरून उचललेले डंप जुनंच सेटिंग सोबत घेऊन येतात. एसक्यूएल सर्व्हरवर एनव्हारचार वापरा. हाताने लिहिलेल्या क्वेरीत मराठी शब्दाच्या अवतरणाआधीचा 'एन' विसरला, की नेहमीच्या कोलेशनवर (मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांवर) नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठते. ती परत मराठी होत नाही.

आता तुलना. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरची मूळ कोलेशन लहान-मोठी लिपी एकच मानतात, पोस्टग्रेस आणि ओरॅकल वेगळी. त्यामुळे मायएसक्यूएलवर लॉगिन होणारा ईमेल पोस्टग्रेसवर 'सापडत नाही'. ईमेल लहान लिपीत आणि दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा काढूनच साठवा. शेवटची मोकळी जागा एसक्यूएल सर्व्हर तुलनेत धरत नाही, पोस्टग्रेस धरतं.

मराठीतली खरी मेख पुढे आहे. कऱ्हाडकर हे आडनाव टाइप करायच्या किमान तीन पद्धती आहेत: ०९३१ या संकेताचा ऱ आणि हलन्त; साधा र, नुक्ता आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचं जोडचिन्ह. तिन्ही कागदावर सारखीच छापली जातात. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या कोलेशनला ही तीन वेगळी आडनावं वाटतात. मायएसक्यूएल ८ ची मूळ कोलेशन नुक्ता आणि जोडचिन्ह दोन्ही दुर्लक्षिते, म्हणजे तिला तिन्ही एकच, पण मग 'दर्या' आणि 'दऱ्या' हेही एकच. एका सिस्टीमवर सभासद दुबार भरला जातो, दुसरीवर खरा वेगळा रेकॉर्ड 'आधीच आहे' म्हणून परत येतो. वकिलांच्या नावाआधीचं 'ॲड.' असंच: एकसंध ॲ, की अ आणि त्यावर चंद्र, हे कीबोर्डवर अवलंबून असतं.

उपाय डेटाबेसच्या बाहेर करा. मजकूर आत येतानाच एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक रूपात आणा. त्याने कऱ्हाडचे पहिले दोन प्रकार एक होतात. तिसऱ्यासाठी आणि ॲसाठी स्वतःचा छोटा बदल-तक्ता लिहा. एनएफसी ते काम करत नाही. मग नावाच्या कॉलमशेजारी शोधासाठी वेगळा कॉलम ठेवा, त्यात जोडचिन्हं, टिंबं, जास्तीच्या जागा काढलेलं रूप भरा आणि युनिक इंडेक्स, शोध दोन्ही त्यावर चालवा. त्या कॉलमला प्रत्येक सिस्टीमवर बायनरी कोलेशन द्या, म्हणजे तुलनेचे नियम सगळीकडे तुमचेच राहतील. यादीचा क्रमही असाच सांभाळावा लागतो. संकेतांच्या क्रमाने लावलं तर 'ळ' हा 'ल' नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर आहे. वार्षिक सभेच्या सभासद यादीत हे चटकन डोळ्यात भरतं. छापील यादी मोठी नसेल तर ती ॲपमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या मराठी नियमाने लावणं सगळ्यात कमी कटकटीचं.

रिकामं आणि नल

ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नलच समजतो. 'मधलं नाव' हा कॉलम नॉट नल, मूळ किंमत रिकामी, असा बनवला तर वडिलांचं नाव न देणारा सभासद ओरॅकलवर भरताच येत नाही. 'शेरा रिकामा नसलेल्या नोंदी द्या' ही क्वेरी तिथे शून्य नोंदी देते, एररशिवाय. नियम सोपा ठेवा: ॲपच्या दारातच रिकामी स्ट्रिंग नल करा, सगळ्याच सिस्टीमसाठी, आणि ऐच्छिक मजकुराचे कॉलम नल घेणारे ठेवा. क्रम लावताना पोस्टग्रेस आणि ओरॅकल चढत्या क्रमात नल शेवटी टाकतात, बाकीचे आधी. थकबाकीदारांची यादी 'शेवटच्या भरण्याची तारीख' यावर लावली की कधीच न भरलेले लोक एका ग्राहकाकडे वर, दुसऱ्याकडे तळाला दिसतात.

वेळ, तारीख आणि ३१ मार्च

क्षण यूटीसीमध्ये साठवा, हे सगळे सांगतात. त्यापुढचं कुणी सांगत नाही. भारतीय वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे, म्हणजे आपल्याकडचा १ एप्रिलचा पहिला क्षण यूटीसीमध्ये ३१ मार्चचे १८:३० असतो. ऑनलाइन भरणा १ एप्रिलला रात्री दोन वाजता झाला आणि रिपोर्टने यूटीसीच्या तारखेवर गट पाडले, तर तो मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो आणि ऑडिटरपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून 'व्यवहार तारीख' हा वेगळा कॉलम ठेवा, भारतीय वेळेनुसार ॲपमध्ये काढून भरा, आणि हिशोबाचे सर्व रिपोर्ट त्यावरच करा.

वेळक्षेत्राचं रूपांतर क्वेरीत करू नका. पोस्टग्रेसला 'आशिया/कोलकाता' कळतं, एसक्यूएल सर्व्हरला विंडोजचं 'इंडिया स्टँडर्ड टाइम' हे नाव लागतं आणि मायएसक्यूएलमध्ये वेळक्षेत्रांची टेबलं भरलेली नसतील तर नावाने केलेलं रूपांतर नल परत करतं. ओरॅकलच्या डेट प्रकारात वेळही असते. वेळ न काढता लिहिलेली तारीख बरोबरीच्या अटीत सापडत नाही. एसक्यूएल सर्व्हरवर जुना डेटटाइम नको, डेटटाइम२ घ्या. जुना प्रकार मिलिसेकंद ०, ३, ७ असे गोल करतो. कालावधीची अट नेहमी 'पासून, आणि पुढच्या दिवसाच्या आधी' अशी लिहा. '२३:५९:५९.९९९ पर्यंत' हा प्रकार त्या गोल करण्यातच फसतो.

क्वेऱ्या

पानं पाडण्यासाठी पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइटवर लिमिट-ऑफसेट आणि एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल १२सीपासून ऑफसेट-फेच. एसक्यूएल सर्व्हरवर त्याआधी क्रम लावणं सक्तीचं आहे. ती सक्ती सगळीकडे पाळा आणि क्रमाच्या शेवटी आयडी जोडा. नाहीतर एकाच तारखेच्या पावत्या दोन पानांवर दिसतात किंवा एकाही पानावर दिसत नाहीत.

भागाकारात ५ भागिले २ पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटवर २ येतो, मायएसक्यूएल आणि ओरॅकलवर २.५. व्याजाच्या रिपोर्टमध्ये याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. स्ट्रिंग जोडण्याच्या दोन उभ्या रेघा मायएसक्यूएलवर मूळ सेटिंगमध्ये 'किंवा' असतात, म्हणून नावाऐवजी ० छापला जातो. जोडणी, गोल करणं, लाख-कोटीचे स्वल्पविराम हे सगळं ॲपमध्येच ठेवा.

मोठ्या 'इन' याद्यांना ओरॅकल १९सीवर १००० ची मर्यादा आहे, एसक्यूएल सर्व्हरवर एका विनंतीत २१०० पॅरामीटर. एकगठ्ठा इन्सर्टचा तुकडा रेकॉर्डच्या संख्येवर ठरवू नका. २००० ला कॉलमच्या संख्येने भागा: १६ कॉलम असतील तर एका वेळी १२५ रेकॉर्ड, आणि एकूण कधीही ५०० च्या वर नाही.

अपसर्टची चार रूपं शिकण्यापेक्षा 'आधी अपडेट, शून्य रेकॉर्ड बदलले तर इन्सर्ट' हे सगळीकडे चालतं, पण त्यात एक खड्डा आहे. मायएसक्यूएल सर्व्हर मुळात 'सापडलेले' नव्हे, 'खरोखर बदललेले' रेकॉर्ड मोजून सांगतो. जावाचा ड्रायव्हर ते सेटिंग स्वतःच उलटं करतो, पीएचपीचा पीडीओ करत नाही. त्यामुळे किमती आधीच्याच असतील तर पीडीओवर शून्य मिळतं, कोड इन्सर्टला जातो आणि दुबार कीची एरर येते. कनेक्शनवर 'सापडलेले रेकॉर्ड' हा पर्याय चालू करा.

ट्रान्झॅक्शन, लॉक आणि पावती क्रमांक

मूळ आयसोलेशन पातळी (एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनना एकमेकांचे बदल कितपत दिसावेत ती) मायएसक्यूएलची रिपीटेबल रीड, इतर तिघांची रीड कमिटेड. कनेक्शन उघडल्यावर सगळीकडे रीड कमिटेड ठरवून द्या. एसक्यूएल सर्व्हर आपल्या मशीनवर बसवला की रीड कमिटेडमध्येही वाचणारा लिहिणाऱ्याला अडवतो. महिनाअखेरचा रिपोर्ट चालू असताना काउंटरवरच्या पावत्या थांबतात त्या यामुळे. डेटाबेसवर रीड कमिटेड स्नॅपशॉट चालू करून घ्या, इन्स्टॉलेशनच्या वेळीच, कारण नंतर त्यासाठी बाकीची सगळी कनेक्शनं सोडवावी लागतात.

पावती क्रमांक सिक्वेन्स किंवा ऑटो-इन्क्रिमेंटवर सोडू नका. रोलबॅकने (ट्रान्झॅक्शन मागे घेतल्यावर) तिथे खंड पडतात, ओरॅकलचा सिक्वेन्स मुळात २० आकडे कॅशमध्ये घेतो, आणि एसक्यूएल सर्व्हर अचानक रीस्टार्ट झाला तर इंट आयडी १००० ने पुढे उडी मारू शकतो. ऑडिटमध्ये गहाळ पावतीचं उत्तर द्यावं लागतं. शाखा आणि आर्थिक वर्ष यांच्या जोडीला एक रेकॉर्ड असं काउंटरचं टेबल करा. ट्रान्झॅक्शनमध्ये आधी तो रेकॉर्ड एकने वाढवा, मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाचा, पावती लिहा, कमिट करा. अपडेट स्वतःच लॉक घेतं, म्हणून 'सिलेक्ट फॉर अपडेट' लागत नाही, जे एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटवर नाहीच. क्रम उलटा केला, म्हणजे आधी वाचून मग वाढवलं, तर दोन काउंटरवर एकच क्रमांक छापला जाईल. काउंटर अपडेट केल्यावर ट्रान्झॅक्शन छोटी ठेवा. एसएमएस किंवा पेमेंट गेटवेचा कॉल तिच्या बाहेर.

एरर ओळखताना मजकूर वाचू नका, क्रमांक वाचा. दुबार की म्हणजे पोस्टग्रेसवर २३५०५, मायएसक्यूएलवर १०६२, ओरॅकलवर ००००१, एसक्यूएल सर्व्हरवर २६२७ किंवा २६०१. डेडलॉक (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या लॉकसाठी अडकणं) म्हणजे अनुक्रमे ४०पी०१, १२१३, ०००६० आणि १२०५. गंमत म्हणजे १२०५ हाच क्रमांक मायएसक्यूएलमध्ये लॉकची वाट पाहून कंटाळल्याचा आहे, डेडलॉकचा नाही. आणि एररनंतर काय उरतं हेही सगळीकडे वेगळं. डेडलॉकवर मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतात, ओरॅकल फक्त तेवढं विधान. मायएसक्यूएलच्या १२०५ वरही फक्त विधान मागे जातं आणि अर्धवट ट्रान्झॅक्शन उघडी राहते. पोस्टग्रेस उलट टोकाला: कुठलीही एरर आली की रोलबॅक होईपर्यंत त्या ट्रान्झॅक्शनमध्ये पुढचं काहीच स्वीकारत नाही. म्हणून 'इन्सर्ट करून बघू, दुबार निघालं तर अपडेट करू' हा कोड इतरत्र चालतो, पोस्टग्रेसवर आधी सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमध्ये मागे येण्याची खूण) लागतो.

यावर एकच शिस्त पुरते. डेडलॉक किंवा लॉक-वेट आलं की स्वतः स्पष्ट रोलबॅक करा, थोडं यादृच्छिक थांबा आणि ट्रान्झॅक्शन पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवा. तीन वेळा, त्याहून जास्त नाही.

मायग्रेशन

लिक्विबेससारखं साधन टेबलांच्या रचनेतल्या (स्कीमा) बदलाचं वर्णन घेऊन प्रत्येक सिस्टीमचं एसक्यूएल बनवतं. फ्लायवे वापरत असाल तर सिस्टीमनिहाय फोल्डर करा. महत्त्वाचं हे की पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटवर स्कीमा बदलही साधारणपणे ट्रान्झॅक्शनमध्ये मागे घेता येतो, मायएसक्यूएल आणि ओरॅकल मात्र तिथेच कमिट करून टाकतात. पाच बदलांची फाइल तिसऱ्यावर पडली तर या दोघांवर पहिले दोन बदल लागू होऊन बसतात आणि फाइल पुन्हा चालवता येत नाही. एका फाइलमध्ये एकच स्कीमा बदल ठेवा. डेटाचा बदल वेगळ्या फाइलमध्ये, आणि दोनदा चालला तरी बिघडणार नाही असा लिहा.

टेस्ट

टेस्टकंटेनर्स किंवा डॉकर कंपोजने खऱ्या सिस्टीम उभ्या करा. 'लोकलला एसक्यूलाइट, ग्राहकाकडे ओरॅकल' ही पद्धत खोटा धीर देते. एसक्यूएल सर्व्हरच्या कंटेनरला किमान २ जीबी मेमरी लागते, ओरॅकलची मोफत आवृत्ती २ जीबी मेमरी आणि १२ जीबी डेटापर्यंत चालते. टेस्टला तेवढं पुष्कळ. प्रत्येक कमिटवर मुख्य सिस्टीम, रात्री सगळ्या, आणि रात्रीची एक जरी लाल असली तरी रिलीज नाही.

सगळ्या टेस्ट चारदा चालवण्यापेक्षा फरकांसाठी वेगळी करार-टेस्ट लिहा. तिच्यात हे तरी हवंच: ज्ञानेश्वर २० लांबीच्या कॉलममध्ये, इमोजी असलेला शेरा, तीन प्रकारचा कऱ्हाडकर, रिकामं मधलं नाव, दोन बिनपॅनचे सभासद, १ एप्रिलचा ००:१० वाजताचा भरणा, ५ भागिले २, २५०० आयडींची यादी, आणि दोन थ्रेडनी एकाच वेळी मागितलेले १०० पावती क्रमांक. नवीन सिस्टीम जोडायची वेळ आली की डायलेक्ट फाइल लिहायच्या आधी ही टेस्ट चालवा. काम किती आहे याचा अंदाज लाल ओळींवरूनच येतो.

ग्राहकाचा डेटा एकीकडून दुसरीकडे नेताना

कधीतरी मायएसक्यूएलवरचा ग्राहक पोस्टग्रेसवर जायचं म्हणतो. डंप फाइल हाताने बदलत बसू नका. ॲपच्याच मॉडेलमधून वाचा आणि लिहा, म्हणजे प्रकार आणि मजकुराचे नियम आपोआप लागू होतात. आधी मास्टर टेबलं, मग व्यवहार. जुन्या मायएसक्यूएलमधल्या '००००-००-००' तारखा आणि मजकुरात लपलेलं शून्य संकेताचं चिन्ह पोस्टग्रेस नाकारतं, ती आधी शोधून ठेवा. आयडी जसेच्या तसे नेल्यावर पोस्टग्रेसचा सिक्वेन्स कमाल आयडीवर आणून ठेवा. हे राहिलं तर सोमवारी सकाळी पहिलीच पावती दुबार कीने अडते. ताळा घेताना नुसती रेकॉर्डची संख्या पुरत नाही. शाखा आणि आर्थिक वर्षानुसार रकमेच्या बेरजा दोन्हीकडे काढा, पैशापर्यंत जुळल्याच पाहिजेत.

करार आणि निरोप

ॲपच्या ॲडमिन पानावर डेटाबेसचं नाव, नेमकी आवृत्ती, कोलेशन, आयसोलेशन पातळी आणि मायग्रेशनचा शेवटचा क्रमांक दिसू द्या, आणि किमान आवृत्ती नसेल तर ॲप सुरूच होऊ देऊ नका. भोसरीतल्या ग्राहकाकडे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस निघाला तर २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती आठ जीबीलाच इशारा देऊन सांगा. स्कॅन केलेली केवायसी कागदपत्रं डेटाबेसमध्ये ठेवत असाल तर ते आठ जीबी वाटतात त्याहून लवकर भरतात.

सपोर्ट काढून घ्यायची पद्धतही करारात आधीच लिहा. बनवणाऱ्या कंपनीने आवृत्ती बंद केली की (मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली) ग्राहकाला एका वर्षाची नोटीस, डेटा हलवायचं साधन तुमच्याकडून, आणि मुदत संपल्यावर ती डायलेक्ट फाइल, तिच्या क्वेऱ्यांच्या प्रती आणि रात्रीचं टेस्टचं काम एकाच कमिटमध्ये काढून टाकायचं. एका टोकाला 'तात्पुरती' ठेवलेली जुनी फाइल पुढच्या प्रत्येक बदलाला अडवत राहते.